पुण्यात नवीन आलात आणि धरणावर बोटिंगला जायचंय? मग आधी हे वाचा

दर वर्षी दिवाळी झाली की ऑफिसातली नवीन पोरंपोरी मला गाठतात, कुणी लातूरचं, कुणी जळगावचं, कुणी नागपूरचं, आणि प्रश्न ठरलेला असतो, दादा बोटिंग कुठं करायचं आणि पाण्याच्या काठावर बसून मस्त जेवता येईल असं काही आहे का. दर वेळी तेच सगळं परत सांगतो, म्हणून आता एकदाच नीट लिहून ठेवतोय. मी गेली बारा-तेरा वर्षं दर हिवाळ्यात जातो, आधी मित्रांबरोबर, मग बायकोबरोबर, आता मुलगी आणि आई पण असतात, त्यामुळं लहान मूल आणि वयस्कर माणूस सोबत असताना काय बघायचं ते पण सांगतो. लांबलचक आहे, पण पहिल्यांदा जाणार असाल तर सगळं वाचा.

सुरुवातीला पाणी समजून घ्या

आपल्याकडं ज्याला सगळे "लेक" म्हणतात ते बहुतेक सगळं धरणाचं पाणी आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, मुळशी, भाटघर, ही सगळी नदीची खोरी आहेत, भिंत घातली आणि खोरं भरलं. म्हणजे पाण्याखाली काय आहे? शेतं, बांध, विहिरी, झाडांची खोडं, जुने रस्ते, देवळं. पवना धरणातलं वाघेश्वराचं देऊळ पाणी उतरलं की बाहेर येतं, तिकडं उजनीत पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ तसंच. बघायला भारी वाटतं, पण बोटिंगला जाणाऱ्यानं ह्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची, की काठापासून दोन पावलं गुडघाभर पाणी असलं तरी तिसरं पाऊल जुन्या बांधावरून थेट दोन पुरुष खोल पडू शकतं. पोहण्याच्या तलावासारखा हळूहळू उतार इथं नसतो. दर वर्षी धरणात बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्यातले बरेच जण बोटीतून पडलेले नसतात, "जरा पाय भिजवून येतो" म्हणून काठावरून उतरलेले असतात.

दुसरं म्हणजे पाण्याची पातळी. पावसाळा संपताना धरण काठोकाठ असतं आणि मग जूनपर्यंत ते उतरतच जातं, कारण ते पाणी आपण पितोय आणि शेतीला जातंय. खडकवासला तसं छोटं आहे, दोन टीएमसीच्या (म्हणजे अब्ज घनफुटांच्या) आत, पण वर पानशेतचं साडेदहा आणि वरसगावचं जवळपास तेरा टीएमसी आहे, टेमघर पावणेचार, आणि वरून पाणी सोडून खडकवासला भरत ठेवतात. त्यामुळं खडकवासला मे महिन्यातसुद्धा बऱ्यापैकी दिसतं पण पानशेत-वरसगावचा काठ पार खाली गेलेला असतो, जिथं जानेवारीत बोटीत चढलात तिथून पाण्यापर्यंत मे महिन्यात चांगलं चालत जायला लागतं, ते पण चिखलातून.

ह्या चिखलाबद्दल जरा थांबून सांगतो कारण मावसभावाबरोबर घडलंय. मे महिना, वरचा गाळ वाळून भेगा पडलेल्या, एकदम कडक दिसतोय, म्हणून तो पाण्याकडं चालत निघाला आणि पाण्यापासून दहा-पंधरा फुटांवर कमरेपर्यंत आत. वरचा थर पापडासारखा आणि खाली लगदा. जितके पाय हलवेल तितका आत. तिथल्या एका मासेमारी करणाऱ्या काकांनी ओरडून सांगितलं, हलू नको, मागं झुक, पाठीवर पसर, आणि मग दोन लांब बांबू आडवे टाकून त्याला पोटावर सरपटत बाहेर काढला. एक बूट अजून तिथंच असेल. तेव्हा उन्हाळ्यात गेलात तर भेगाळलेल्या गाळावर पाय ठेवायचाच नाही, मुरूम किंवा दगड आहे त्याच वाटेनं जायचं, आणि वाट गावातल्या माणसाला विचारायची.

मग जागा निवडा, आणि कशासाठी जाताय ते आधी ठरवा

खडकवासला: स्वारगेटहून वीसेक किलोमीटर, पीएमपीची बस जाते, त्यामुळं गाडी नसली तरी जमतं. पण इथं बोटिंगच्या आशेनं जाऊ नका. समोरच्या काठाला एनडीए, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी आहे, त्यांच्या शिडाच्या बोटी लांबून दिसल्या तरी ती बाजू लष्कराची आहे, आपल्याला प्रवेश नाही. आपण जायचं चौपाटीवर खायला. भाजलेलं कणीस, भेळ, कांदाभजी, तिखटमीठ लावलेली कैरी, चहा. माझ्या आईला अजूनही हीच जागा सगळ्यात आवडते, बाकी रिसॉर्टबिसॉर्ट तिला नको असतं. रविवारी संध्याकाळी मात्र सिंहगड रस्ता तुंबतो, सिंहगडावरून उतरलेली सगळी गर्दी पण तिथंच येते, तर शक्यतो सकाळी जा.

पानशेत-वरसगाव: चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. स्पीडबोट, वॉटर स्कूटर, असला इंजिनवाला प्रकार करायचा असेल तर इथं. थरार पाहिजे असलेल्या पोरांचा ग्रुप असेल तर हेच बरं.

पवना: कामशेतमधून आत, साठेक किलोमीटर. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर, चार किल्ल्यांच्या मध्ये पाणी. स्वतः वल्हवायचं असेल, कयाक शिकायचं असेल तर माझ्या मते पुण्याच्या जवळ ह्याच्यासारखी जागा नाही, कारण डोंगरांच्या आडोशाच्या छोट्या छोट्या खाड्यांसारख्या जागा आहेत जिथं सकाळी पाणी आरशासारखं असतं. टेंटवाले कॅम्प पण इथंच जास्त. कॅम्पला राहिलात तर रात्री पाण्यात उतरायचं नाही, दारू पिऊन तर काठाला पण जायचं नाही, ह्यावर मी काही चर्चा करत नाही.

मुळशी: हे टाटांचं धरण, पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज करायला जातं. ह्याच धरणाच्या विरोधात १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला होता, बुडणार असलेल्या गावांसाठी. तिथं पाणी बघत बसावं, पिरंगुट-पौड रस्त्याला किंवा काठावरच्या एखाद्या ठिकाणी निवांत जेवावं, पावसाळ्यात ताम्हिणीपर्यंत जाऊन यावं. बोटिंग हा तिथला मुख्य विषय नाही.

आणि भिगवण. हे माझं सगळ्यात लाडकं, म्हणून ह्याच्यावर खाली वेगळं लिहितो.

कात्रज, पाषाण वगैरे शहरातली तळी फिरायला ठीक. आणि सारसबागेत गेलात तर एवढं आठवा, की तो जो "तळ्यातला गणपती" म्हणतात तिथं खरंच तळं होतं, पेशव्यांच्या काळातलं, नंतर ते बुजवून बाग झाली. वल्हवणं बघायचंच असेल तर सीओईपी ह्या इंजिनिअरिंगच्या संस्थेची रेगाटा, म्हणजे बोटींचा सोहळा, चुकवू नका, संगमाजवळ नदीत पोरं मशाली घेऊन बोटींच्या रचना करतात, अंधारात पाण्यावर त्या ज्योती फिरताना बघून अंगावर काटा येतो. आणि रोइंगमध्ये ऑलिंपिकपर्यंत गेलेला आपला दत्तू भोकनळ, तो सैन्यात आल्यावर पुण्यातच तयार झालाय, २०१६ ला रिओला तेरावा आला होता. तर पुण्याचं आणि वल्ह्याचं नातं जुनं आहे, फक्त आपल्याला ते माहीत नसतं.

महिना आणि वेळ

ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी. संपला विषय. पावसाळ्यात धरणं भरताना विसर्ग कधीही वाढतो, प्रवाहात झाडं-ओंडके येतात, बोटिंग बंद असतं आणि बंदच असायला पाहिजे. कुणी "हळूच एक राउंड मारतो" म्हणाला तरी नाही म्हणा. आमची आजी शनिवार पेठेत राहायची, १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा वाड्याच्या माडीवरून तिनं पाणी चढताना बघितलं होतं, आणि ती पुढं आयुष्यभर पावसाळ्यात नदीच्या पुलावर थांबली नाही. मला वाटतं धरणाच्या पाण्याला तेवढा मान द्यावा.

मार्च ते मे जाता येतं पण दोन गोष्टी. एक, तो वर सांगितलेला चिखल. दोन, वळीव. दुपारपर्यंत कडक ऊन आणि तीन-चार वाजता अचानक काळं होऊन वारा सुटतो, विजा. उघड्या पाण्यात बोटीतला माणूस सगळ्यात उंच असतो हे लक्षात ठेवा, पहिला गडगडाट ऐकू आला की लगेच काठाला, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत पाण्यात नाही.

दिवसातली वेळ विचाराल तर सकाळी सात ते दहा. दुपारनंतर वारा वाढतो, पाण्यावर लाटा येतात, मोठ्या बोटीला काही नाही पण कयाकवाल्याची पार दमछाक होते. वाऱ्याचा एक साधा नियम आहे जो मला कुणी पहिल्यांदा सांगितला असता तर बरं झालं असतं: जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा. ताकद असते तेव्हा कष्ट करून घ्या, येताना वारा ढकलत आणतो. नवीन माणूस नेमकं उलटं करतो, वाऱ्याबरोबर मजेत लांब जातो, आणि मग परत येता येत नाही.

काठावर पोचल्यावर, पैसे देण्याआधी

आधी लाइफ जॅकेट बघा, बोट नंतर. जॅकेट हातात घेऊन दाबा, आतला फोम कडक होऊन तुकडे पडलेला असेल किंवा पिचका झाला असेल तर दुसरं मागा. सगळी बक्कलं लावून बघा. घातल्यावर पट्टे घट्ट ओढा आणि मग सोबतच्या माणसाला सांगा की खांद्याला धरून वर उचल. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे, पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगेल आणि तुम्ही त्यातून खाली सटकाल. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट "होतंय की" म्हणून घालू नका, मुलांचं वेगळं, वजनाप्रमाणं असतं, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. एकदा एका ठिकाणी आम्हाला मुलीच्या मापाचं जॅकेट मिळालं नाही, दोरीनं बांधून देतो म्हणाले, आम्ही तिथून बोटिंग न करता परत आलो, ती रडली, रस्त्यात कणीस खाऊन गप्प झाली. तसंच करा.

जॅकेट चांगलं आहे म्हणून ओढणी, साडीचा पदर, लांब स्कार्फ मोकळा सोडू नका, इंजिनपाशी तर अजिबात नाही, खोचून गाठ मारा.

मग बोट. बोटीवर नोंदणीचा नंबर रंगवलेला आहे का बघा, इंजिनच्या बोटींना २०२१ च्या कायद्याप्रमाणं नोंदणी लागते. किती माणसं बसवतात ते विचारा आणि तेवढीच बसतायत का मोजा. गर्दीच्या दिवशी "दोघं अजून अ‍ॅडजस्ट करा" असं म्हणतात तेव्हा तुम्हीच उतरून पुढच्या फेरीला थांबा. पैशाचं पण तेव्हाच बोला, दर माणशी आहे का बोटीचा आहे, आणि फेरी किती मिनिटांची. स्पीडबोटची फेरी खूप छोटी असते, नवीन लोकांना वाटतं तासभर फिरवतील आणि मग उगाच काठावर वाद होतात. बोटवाल्या दादांशी नीट बोललात, नाव-गाव विचारलंत, तर तेच तुम्हाला कुठं पाणी खोल, कुठं खोडं, कुठली बाजू चांगली ते सगळं सांगतात. ह्यातले बरेच जण त्याच खोऱ्यातल्या गावांचे असतात, काहींची जमीन ह्याच पाण्याखाली आहे, ते मनात ठेवून बोला.

बोटीत चढणं आणि बसणं

हे सोपं वाटतं पण बहुतेक जण इथंच पडतात. बोटीच्या मधोमध पाय ठेवायचा, कडेला नाही, आणि वाकून, एका हातानं बोट धरून. एका वेळी एकच माणूस. उडी मारायची नाही. आत गेल्यावर लगेच बसायचं, उभं राहून फोटो नाही. सेल्फीसाठी सगळे एका बाजूला झुकले की छोटी बोट कलंडते, ह्यात काही गूढ नाही, वजन एका बाजूला गेलं की झालं.

स्पीडबोटमध्ये पुढच्या बाजूला आपटे जास्त बसतात, म्हणून पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि आजी-आजोबांनी मागं बसावं. गरोदर बाईनं स्पीडबोटला नाहीच, संथ बोटीत बसावं.

वॉटर स्कूटर चालवणार असाल तर तो लाल दोरीचा किल स्विच मनगटाला अडकवल्याशिवाय चालू करू नका, तुम्ही पडलात की इंजिन बंद झालं पाहिजे. आणि अजून एक, जे बाईक चालवणाऱ्यांना उलटं वाटतं: समोर काही आलं म्हणून घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर ती वळतच नाही, कारण ती वळते मागून सुटणाऱ्या पाण्याच्या झोतावर. थोडा थ्रॉटल ठेवूनच वळवायचं. हे आधी मोकळ्या पाण्यात दोनदा करून बघा.

कयाकचं थोडं जास्त सांगतो कारण ते खरं शिकण्यासारखं आहे आणि एकदा जमलं की स्पीडबोटची ती पाच-दहा मिनिटं फार फिकी वाटतात. वल्हं डोक्यावर आडवं धरा, कोपरं काटकोनात आली पाहिजेत, तेवढ्याच अंतरावर हात ठेवा. पात्याची खोलगट बाजू तुमच्याकडं. पाठ सरळ, गुडघे थोडे वाकलेले, टाचा टेकलेल्या. ओढताना दंडानं नाही, कमरेतून वळून ओढायचं, नाहीतर पंधरा मिनिटांत खांदे भरून येतात आणि तुम्ही म्हणाल की कयाकिंग अवघड आहे. वळायचं असेल तर एका बाजूनं मोठा अर्धगोल मारा, पुढून मागं. दोघांची कयाक असेल तर वजनदार माणूस मागं बसतो, लय पुढचा धरतो आणि मागचा त्याच्या तालावर मारतो. नवरा-बायकोचं पहिलं कयाकिंग हे भांडणात संपायची फार शक्यता असते, त्यामुळं कोण दिशा देणार ते काठावरच ठरवा, मागच्यानं वळवायचं आणि पुढच्यानं मान मागं वळवून सूचना द्यायच्या नाहीत. मागच्या वर्षी आमच्याबरोबर आलेल्या एका जोडप्यानं हे ऐकलं आणि दोघं पवनेत तास दीड तास इतके छान फिरले की परत येऊन लगेच पुढची तारीख विचारत होते.

कयाक उलटली तर? उलटते, नवीन माणसाची तर हमखास. तोंड वर, जॅकेट उचलून धरतंय, दोन श्वास घ्या. वल्हं सोडू नका आणि बोट तर अजिबात सोडू नका, पोहत काठाला जायचा मोह होतो पण पाण्यावरून अंतर कमी दिसतं, बोट मोठी असते, ती लांबून दिसते आणि ती तरंगते. वरून बसायची कयाक असेल तर ती सरळ करा, कडेला पोटावर या, पाय मारत मारत छाती वर घ्या, मग कूस बदलून बसा. पहिल्याच दिवशी काठाजवळ छातीभर पाण्यात, शिकवणारा सोबत असताना, मुद्दाम उलटून हे एकदा करून बघाच. एकदा केलं की भीती निम्मी होते.

आणि दुसरं कुणी बुडताना दिसलं तर स्वतः उडी मारू नका, चांगलं पोहता येत असलं तरी. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि दोघं जातात. बांबू, वल्हं, दोरी, रिकामा पाण्याचा कॅन, ओढणीला ओढणी बांधून, जे हाताला लागेल ते टाका, आरडाओरडा करा, ११२ लावा. रेंज कुठं येते ते गेल्या गेल्या बघून ठेवा, पानशेतच्या पुढं आणि पवनेच्या काही कोपऱ्यांत फोन लागत नाही. मावळात आपत्तीच्या वेळी शिवदुर्ग मित्रची मंडळी धावून येतात, त्यांच्या कामाबद्दल मला फार आदर आहे, पण त्यांना बोलवायची वेळच येऊ नये.

भिगवण

पुण्याहून शंभरेक किलोमीटर, सोलापूर रस्ता, हडपसर, उरुळी कांचन, यवत, पाटस करत. हे उजनी धरणाचं मागचं पाणी, भीमेवरचं, भिंत तिकडं खूप लांब सोलापूर जिल्ह्यात. उजनी म्हणजे ११७ टीएमसी, पानशेतच्या अकरापट. आणि इथं पाणी पसरट, उथळ. जो उतरता काठ पानशेतला बोटिंगची मजा घालवतो तोच इथं सगळ्यात मोठी गंमत आणतो, कारण पाणी उतरलं की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि त्यातलं खायला रोहित पक्षी येतात, फ्लेमिंगो. जानेवारी ते मार्च. सोबत चित्रबलाक, पट्टकादंब, शेकाट्या, नदी सुरय, राखी बगळे, कितीतरी.

कुंभारगाव किंवा डिकसळला मासेमारी करणारेच लोक बोटीतून पक्षी दाखवायला नेतात. पहाटे साडेचारला पुण्यातून निघा म्हणजे उजाडताना पाण्यावर असाल. ह्या लोकांची नजर बघाच, आपल्याला दुर्बिणीतून नुसता ठिपका दिसतो आणि ते नावासकट सांगतात, शिवाय कुठल्या पक्ष्याचं घरटं कुठल्या बाभळीवर ते पण. उथळ आलं की इंजिन बंद करून बांबूनं बोट ढकलतात आणि मग जी शांतता होते, त्यात नुसता पाण्याचा चुळुक चुळुक आवाज आणि लांबून थव्याची कुजबुज, त्यासाठी मी दर वर्षी पहाटे उठतो. एकच कळकळीची विनंती, बोटवाल्या मामांना "अजून जवळ घ्या, उडताना फोटो पाहिजे" म्हणू नका. पक्ष्यांना उडवलं की त्यांचं खाणं तुटतं, आणि रोज दहा बोटींनी उडवलं तर ते ती जागाच सोडतात. आपण होऊन सांगा, लांबूनच थांबवा. मामा पण खूश होतात, त्यांचं पोट ह्याच पक्ष्यांवर आहे.

थंडीत पहाटे पाण्यावर फार गारठा असतो, स्वेटर कानटोपी घ्या, नंतर दहाला तेवढंच कडक ऊन.

आता जेवण

बोटिंग आधी, जेवण नंतर. पोटभर रस्सा-भाकरी खाऊन बोटीत बसलात की मळमळणार. आधी केळं, चिक्की, चहा एवढंच. पाणी मात्र पीत राहा, पाण्यावर ऊन दुप्पट लागतं आणि वाऱ्यामुळं कळत नाही.

भिगवणला मासे, दुसरं काही मागवू नका. चिलापी, कटला, रोहू, मरळ, वाम. गोड्या पाण्याच्या माशांना काटे बारीक असतात हे कोकणातून आलेल्यांना माहीत नसतं, रोहू-कटल्याच्या शेपटीकडच्या तुकड्यात तर फारच, त्यामुळं मुलं सोबत असतील किंवा सवय नसेल तर मरळ किंवा चिलापी मागवा, काटे कमी. रोहू घेतला तर पोटाकडचा तुकडा मागा. पूर्ण मासा दाखवत असतील तर कल्ले लाल आणि डोळा पाणीदार बघा. तिथं रस्सा झणझणीत असतो, तळलेला मासा, ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, कांदा, लिंबू. बोटवाल्यांच्या घरी जेवण मिळत असेल तर हॉटेल सोडा आणि तिथंच जेवा, पाण्यावर जायच्या आधी मावशींना सांगून जा किती माणसं, शाकाहारी किती, कारण ते आल्यावर करायला घेतात आणि दोन तास लागतात.

पानशेत-सिंहगडाच्या बाजूला पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, मडक्यातलं दही. मे महिन्यात रस्त्याला करवंदं-जांभळं घेऊन बायका बसलेल्या असतात, त्यांच्याकडून घ्याच, डोंगरातून तोडून आणलेली असतात. पवना-मुळशीला गावरान कोंबडी किंवा काळ्या मसाल्यातलं मटण आणि इंद्रायणीचा भात. इंद्रायणी हा मावळचाच तांदूळ, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला, १९८७ चा, गरम वाफेचा वास आला की कळतं. थोडा चिकट असतो, ती खोड नाही, तसाच असतो तो, रस्सा छान धरून ठेवतो.

काठावरचं हॉटेल निवडताना मी दोन गोष्टी बघतो. एक, सांडपाणी आणि उष्टं कुठं जातं. मागच्या बाजूनं पाइप सरळ धरणात सोडलेला दिसला तर मी तिथं बसत नाही, कितीही व्ह्यू असू दे, ते पाणी उद्या आपल्याच नळाला येणार आहे. दुसरं, टेबल आणि पाणी ह्यांच्यामध्ये कठडा आहे का. लहान मुलं जेवण येईपर्यंत पळत असतात, मोठे मोबाईलमध्ये असतात. एका मोठ्या माणसानं फक्त मुलांकडं बघायचं, आळीपाळीनं, हे आमच्या घरात ठरलेलं आहे.

कागदी प्लेटा, पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, सगळं एका पिशवीत घालून घरी न्या. काठावरच्या डब्यात टाकलं तरी कुत्री आणि वारा ते पाण्यात नेतात.

सोबत काय घ्यायचं

मागून पट्टा असलेल्या सँडल, चप्पल चिखलात राहते आणि अनवाणी चाललात तर शिंपले, बाभळीचे काटे, फुटक्या बाटल्या. टोपीला आणि चष्म्याला दोरी. फोनचं वॉटरप्रूफ पाउच, पण आधी घरी त्यात टिश्यू घालून बादलीत बुडवून बघा. एक कोरडा कपड्यांचा जोड गाडीत, टॉवेल, रोख पैसे कारण रेंज नसली की यूपीआय चालत नाही. गाडीची किल्ली खिशात घेऊन बोटीत बसू नका, काठावर थांबणाऱ्याकडं द्या, हे दोघा मित्रांच्या बाबतीत झालंय आणि दोन्ही वेळा पुण्यातून दुसरी किल्ली आणावी लागली.

पहिल्या वेळी माझं ऐकाल तर असं करा. डिसेंबर-जानेवारीतला साधा वार पकडा, शनिवार-रविवार नको. पवनेला सकाळी साडेसहापर्यंत पोचा, धुकं असेल तर ते उठेपर्यंत चहा घ्या, काठ दिसल्याशिवाय पाण्यात उतरू नका. तासभर कयाक, काठाच्या बाजूबाजूनं, वाऱ्याच्या विरुद्ध सुरुवात करून. दहाला बाहेर, कपडे बदला, तिकोन्याकडं बघत बसा. जेवण सकाळी येतानाच सांगून ठेवलेलं असेल तर साडेअकराला गरम भाकरी ताटात येते, आणि तीनच्या आत तुम्ही हायवेला लागलेले असता.